झाडं होती, तरी धूळ येत होती: खानापूर रस्त्यालगतच्या एका शाळेचं प्रकरण

2022 च्या डिसेंबरातला शनिवार. सकाळची शाळा. मुख्याध्यापिका बाईंनी मला प्रार्थनेच्या आधीच बोलावलं होतं. मुलं मैदानात रांगा करून उभी होती, तोंडं रस्त्याकडे. ऊन नुकतंच वर येत होतं आणि त्या तिरप्या उन्हात रस्त्यावरून उठलेली तांबडी धूळ मुलांच्या छातीइतक्या उंचीवर तरंगताना दिसत होती. एक ट्रक गेला की तिचा पडदा कंपाउंडवरून आत यायचा, पहिलीच्या रांगेवरून सरकत सातवीच्या रांगेपर्यंत जायचा, आणि तो बसायच्या आत दुसरा ट्रक.

प्रार्थना झाल्यावर बाईंनी ऑफिसातली सावित्रीबाईंच्या फोटोची काच दाखवली. काल संध्याकाळी पुसलेली. बोट फिरवलं तर बोटाला गेरू लागावा तशी माती. “रोज पुसते ओ मी,” त्या म्हणाल्या. “सगळे सांगतात, बाई, झाडं लावा. आमच्याकडं झाडं नाहीत काय? ही बघा की सात गुलमोहर. माजी विद्यार्थ्यांनी लावलेले. तरी ही गत.”

त्यांचा हा प्रश्न हेच या प्रकरणाचं मूळ आहे, म्हणून तो आधी सांगितला. झाडं लावा हा सल्ला आपल्याकडे कुणीही देतो. कुठलं झाड, रस्त्यापासून किती अंतरावर, किती उंचीचं, त्याचं पान खालपासून भरलेलं की वरच छत्रीसारखं, हे कुणी सांगत नाही. रस्त्याच्या धुळीपुढे झाडांच्या संख्येला फारसा अर्थ नाही. वारा कुठून येतो आणि मूल कुठल्या उंचीवर श्वास घेतं, त्यावर सगळं ठरतं. हे मलाही त्या शाळेनंच नीट शिकवलं. माझी या पट्ट्यात रोपवाटिका आहे, धारवाडच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आहे, आयुष्यभर रोपं विकली आहेत. पण धूळ अडवायची म्हणून झाडं लावायची वेळ तोवर आली नव्हती.

शाळेचं आणि गावाचं नाव देत नाही. बेळगाव-खानापूर रस्त्याला लागून असलेली सरकारी मराठी शाळा, एवढं पुरे. या रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला अशा चार शाळा डोळ्यांसमोर येतील.

दिशा आणि हंगाम

रस्ता इथे साधारण उत्तर-दक्षिण जातो आणि शाळा त्याच्या पश्चिमेला आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, जोराचा. तेव्हा तो शाळेकडून रस्त्याकडे वाहतो, शिवाय पाऊस धूळ बसवतो. दिवाळी झाली की वारा फिरतो. सकाळी पूर्वेकडून मंद झुळूक येते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, थंडीत पहाटे चांगलाच गारठा असतो. जमिनीलगतची हवा थंड आणि जड होऊन बसते, तिच्यावर जरा उबदार हवेचं झाकण पडतं. अशा सकाळी गाड्यांचा धूर वर चढत नाही, आडवा पसरतो. ऊन तापून झाकण फुटेपर्यंत, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत, तो तिथेच घोटाळत राहतो.

आणि नेमकी हीच रस्त्याच्या वर्दळीची वेळ. गोव्याला भाजी घेऊन जाणाऱ्या गाड्या पहाटेपासून धावत असतात. मच्छे आणि उद्यमबागच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्यांच्या दुचाक्या आठच्या सुमाराला एकामागून एक जातात. ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. रस्ता रुंद होताना कडेची जुनी झाडं गेली ती गेलीच, वर कडेचा मुरूम उघडा पडला. चाकं त्या मुरमावर उतरली की तांबडा लोट उठतो.

बाईंना दिसत होती ती तांबडी माती. ती त्रासदायक आहे, पण बरीचशी नाका-घशातच अडकते. खरा काळजीचा भाग डोळ्यांना दिसत नाही. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे, फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्या देशाच्या 2009 च्या मानकांनुसार या कणांची वर्षाची सरासरी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये हीच मर्यादा 5 वर आणली. डिझेलची काजळी तर त्याहूनही बारीक. एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमाच्या, गाड्यांचा धूर बराच कमी आहे, पण ब्रेकचा भुगा, टायरची झीज आणि रस्त्यावरची माती यांवर त्या नियमाचा काही परिणाम नाही. आणि जुने ट्रॅक्टर अजून रस्त्यावर आहेतच.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. गाड्यांच्या धुरातली ही काजळी रस्त्यालगत सगळ्यात दाट असते आणि पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्येच झपाट्यानं विरळ होते. म्हणून रस्ता आणि मूल यांच्यामधले पहिले काही मीटर मोलाचे. त्या पट्ट्यात काय उभं आहे, ते बघायचं.

गुलमोहर का कामाला आले नाहीत

सातही गुलमोहर देखणे होते. पण त्यांच्याकडे मुलांच्या उंचीवरून बघायला हवं. मी उकिडवा बसून बघितलं. जमिनीपासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत नुसती उघडी खोडं, आणि दोन खोडांच्या मधून रस्ता आरपार दिसत होता. पहिलीतलं मूल जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर श्वास घेतं. गाडीचा सायलेन्सर त्याच्याही खाली. त्या उंचीवर अडवायला काहीच नव्हतं. पानं होती ती वर, छत्रीसारखी. वर जाऊ पाहणारी धूळ तीच दाबून ठेवत असतील तर नवल नाही. शिवाय गुलमोहर फेब्रुवारी-मार्चला बोडका होतो, म्हणजे धुळीच्या ऐन हंगामात अंगावर पान नाही.

सावलीसाठी लावलेलं झाड वेगळं आणि धुळीसाठी लावलेलं वेगळं. आपल्या कर्नाटकात सालुमरद तिम्मक्कांनी हुलिकल ते कुदूर रस्त्याच्या कडेनं 385 वड वाढवले, 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि सीमाभागातल्या आमच्या मराठी शाळांमधूनही मुलांना त्यांची गोष्ट सांगितली जाते. ते काम वाटसरूच्या सावलीचं, पाखरांचं, आणि फार मोठं आहे. पण त्याच पद्धतीनं शाळेपुढे एक रांग लावली आणि धूळ थांबेल असं समजलो, तर चूक आपली.

इंग्लंडच्या सरे विद्यापीठातल्या प्राध्यापक प्रशांत कुमार यांच्या गटानं मोकळ्या रस्त्यांच्या कडेला मोजण्या केल्या आहेत. 2019 मध्ये छापलेल्या त्यांच्या कामात दाट कुंपणामागे आणि कुंपण-झाडं एकत्र असलेल्या ठिकाणी प्रदूषण कमी आढळलं. काजळीच्या बाबतीत उत्तम स्थितीत 60 टक्क्यांच्या आसपास. नुसती झाडं असलेल्या ठिकाणी तसा फायदा मिळाला नाही. म्हणजे बाईंचं गाऱ्हाणं इंग्लंडातही खरं होतं.

यामागे दोन क्रिया आहेत. पहिली, हवा भिंतीवर यावी तशी दाट पानांवर येते, वर उचलली जाते, वरच्या स्वच्छ हवेत मिसळते आणि मग खाली येते. कुंपणाच्या लगेच मागे त्यामुळे जरा चांगल्या हवेचा आडोसा तयार होतो. दुसरी, कण पानाला चिकटतात. लोकांना दुसरीच क्रिया मोठी वाटते, झाड धूळ खातं असं आपण म्हणतोही. खरं तर मोठा वाटा पहिलीचा असतो. पान कण गिळत नाही, पाऊस येईपर्यंत धरून ठेवतं. शहरभर झाडं लावून हवेतले कण जे कमी होतात ते थोड्याच टक्क्यांत, असं ब्रिटिश सरकारच्या हवा-तज्ज्ञांच्या गटानं 2018 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून हा उपाय जागेपुरता: एक मैदान, एक दवाखाना, एक अंगणवाडी. बेळगावची हवा त्यानं सुधारणार नाही.

तरीही तो करण्यासारखा आहे, कारण दुसरं काही लवकर येण्याची चिन्हं नव्हती. केंद्राच्या 2019 च्या स्वच्छ हवा कार्यक्रमात कर्नाटकातली चार शहरं आहेत: बेंगळूर, दावणगेरे, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी. बेळगाव त्यात नाही. शहरालाच ते पैसे नाहीत, तर खानापूर रस्त्यावरच्या गावाला कुठून?

काय लावायचं

जानेवारीत शाळा सुधारणा समितीची बैठक झाली. पंचायतीचे दोन सदस्य, पालक, गल्लीतले दोन आज्जे, आम्ही. तास-दीड तास नुसती झाडांची नावं चालली होती.

एका आज्जांनी साग सुचवला. खानापूर तालुका सागाचा, त्यामुळे स्वाभाविक. सागाचं पान खरखरीत, लवदार, धूळ धरण्यात एक नंबर. पण थंडीपासून तो पान टाकायला लागतो आणि उन्हाळा येईपर्यंत काटक्या उरतात. दुसऱ्यांनी बांबू म्हटलं. दाट होतो खरा, पण बेट पसरतं आणि शाळेचा जांभ्याचा जुना कंपाउंड त्यानं फोडला असता. कुणीतरी कण्हेर सुचवली, हायवेच्या दुभाजकात असते तशी. धुळीला आणि धुराला कण्हेर फार टिकाऊ. तिच्या पानाची श्वासरंध्रं खळग्यांत लपलेली आणि केसांनी झाकलेली असतात. पण ती मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी आहे आणि पहिलीतली पोरं हाताला लागेल ते तोंडात घालतात. मी तिथंच नाही म्हटलं. निलगिरीलाही नाही, कारण तिच्या पानांतून निघणारे वायू उन्हात गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या वायूंशी मिळून जमिनीलगत ओझोन, म्हणजे श्वासाला घातक वायू, तयार होण्याला हातभार लावतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2000 साली हरितपट्ट्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली होती. प्रदूषण सोसणारी झाडं ओळखायला शास्त्रज्ञ पानातलं क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, रसाची आम्लता आणि पाण्याचं प्रमाण या चार गोष्टींवरून एक निर्देशांक काढतात. ते सगळं उपयोगाचं. पण शाळेसाठी माझी चाळणी सोपी होती. डिसेंबर ते एप्रिल अंगावर पान पाहिजे. जमिनीपासून फुटलं पाहिजे. छाटलं की दुप्पट फुटलं पाहिजे. शेळीनं तोंड लावता कामा नये. कण्हेरीसारखं विषारी नको. आणि आपल्या तांबड्या मातीत, मे महिन्यात, आठवड्यातून दोनदा पाणी मिळालं तरी जगलं पाहिजे.

या चाळणीतून उरलं ते असं. रस्त्याच्या बाजूला पहिली ओळ कोयनेलची, तिलाच काहीजण कडू मेंदी म्हणतात. तिच्या मागे अडुळसा आणि निर्गुडी आलटून पालटून. अडुळशाचं शास्त्रीय नाव जस्टिशिया आढाटोडा. त्यातला आढाटोडा मूळ तमिळ, अर्थ शेळी ज्याला तोंड लावत नाही ते. निर्गुडीच्या पानाची खालची बाजू लवदार असते, बारीक धूळ तिथं बसते. तिसऱ्या ओळीत करंज, आणि मधून मधून बकुळ. करंज उन्हाळ्याच्या तोंडाला पान बदलतो, पण लगेच नव्या पालवीनं भरतो. बकुळ हळू वाढते, पण वर्षभर हिरवी. गुलमोहर तोडायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं. ते वरचा मजला सांभाळतील, आम्ही खालचा भरायचा.

शिक्षिकांना फुलं हवी होती. जास्वंद आणि तगर लावू या, म्हणाल्या. जास्वंदीला शेळ्या सोडत नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी मी हो म्हटलं. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

जागेचा प्रश्न सगळ्यात अवघड. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं 2016 मध्ये रस्त्याकडेच्या झाडांच्या पट्ट्यासाठी ज्या शिफारशी केल्या त्यात उंची सुमारे 5 मीटर, जाडी 10 मीटर, आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंत कुठेही फट नाही, असं सांगितलं आहे. आमच्याकडे कंपाउंडच्या आत मिळत होते 3 मीटर, लांबी 60. त्याहून जास्त घेतले तर खोखोचं मैदान जातं. बाई ठाम होत्या: मैदान जाणार नाही. मला ते पटलं. तीन मीटरमध्ये जेवढं दाट करता येईल तेवढं करायचं ठरलं.

लागवड, आणि दुसऱ्या पावसातली छाटणी

2023 चा पाऊस बेळगावकरांना आठवत असेल. जून कोरडा गेला. पुढे त्या वर्षी राज्यातले दोनशेहून जास्त तालुके दुष्काळी जाहीर झाले. खड्डे मेमध्येच काढून ठेवले होते, शेणखत भरलेलं होतं, रोपं माझ्याकडे पिशव्यांत तयार होती, आणि आभाळात ढग नाही. आम्ही थांबलो. जुलैत पाऊस लागला तेव्हा तीन दिवसांत सगळी लागवड झाली. कोयनेल दीड फुटावर, मागची ओळ तिच्या फटीसमोर येईल अशी, म्हणजे तिरकस. करंज आठ फुटांवर. पालक आले, सातवीची मुलं होती, खिचडी झाली.

ऑगस्टमध्ये जास्वंद गेली. कंपाउंडचा एक कोपरा ढासळलेला होता, तिथून शेळ्या आत आल्या आणि एका दुपारी सगळी ओळ खाऊन गेल्या. तगर तेवढी वाचली. अडुळशाच्या एका पानालाही दात लागला नव्हता. कोपरा बांधून घेतला आणि जास्वंदीच्या जागी आणखी निर्गुडी लावली. शिक्षिका हिरमुसल्या. मला आधी बोलायला हवं होतं.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी जूनला. रोपं जगली होती, कोयनेल कमरेएवढी झाली होती, आणि सगळे खूश होते. मी जाऊन खाली बसलो आणि बघितलं तर तीच गुलमोहराची कथा. वर झुपका, खाली काड्या. गुडघ्याखाली आरपार दिसत होतं. असंच सोडलं असतं तर तीन वर्षांनी सहा फूट उंच आणि खालून पोकळ कुंपण उभं राहिलं असतं, आणि धूळ त्या पोकळीतून आणखी जोरात आत आली असती. फटीतून वारा ओढला जातो, हे दाराची चौकट पाहणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

मी कात्री घेतली आणि पहिलं रोप जमिनीपासून एक फुटावर कापलं. मग दुसरं. पाचव्या-सहाव्या रोपाला चौथीतली एक मुलगी धावत आली आणि माझ्या हाताला धरलं. “का कापताय ओ मामा? आम्ही पाणी घातलंय!” तिच्या मागं दहा-बारा जण. एक मुलगा रडायलाच लागला. तोवर समितीचे एक सदस्य रस्त्यावरून बघून आत आले, त्यांचाही चेहरा पडलेला.

मी मुलांना खाली बसवलं. कापलेल्या काडीवर पानाच्या बगलेत दोन बारीक गाठी असतात, त्या प्रत्येकाला दाखवल्या. शेंडा असेपर्यंत झाड सगळा जोर वर लावतं, या गाठी झोपलेल्या राहतात. शेंडा कापला की त्या जाग्या होतात. एका काडीच्या जागी दोन, त्या कापल्या की चार. “पंधरा दिवसांनी मोजा,” असं सांगितलं. त्या मुलीनं आपलं रोप ठरवून घेतलं, त्याला लाल दोरा बांधला. सोळाव्या दिवशी बाईंचा फोन: अकरा फुटवे. मुलांनी वहीत लिहून ठेवलेत.

त्यानंतर दर पावसाळ्यात छाटणी होते. कुंपण खाली रुंद आणि वर अरुंद ठेवायचं, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं. सरळ भिंतीसारखं किंवा वर रुंद कापलं की खालची पानं अंधारात मरतात. आपल्याकडे बागांतून उलटं कापलेलं बघतो, वर टोपी आणि खाली दांडा. दिसायला नीटनेटकं, कामाला शून्य.

फाटक

शाळेचं फाटक बरोबर मधोमध, रस्त्याकडे होतं. बारा फुटांची फट. कुंपण जसं दाट झालं तसा वारा त्या फटीतून जास्त यायला लागला, आणि समोरच पहिली-दुसरीचे वर्ग.

त्याहून मोठी गोष्ट मला वर्षभर लक्षातच आली नव्हती. सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी शाळा सुटताना त्या फाटकासमोर पालकांच्या दुचाक्या आणि दोन-तीन रिक्षा उभ्या असायच्या, इंजिन चालू ठेवून. मुलं त्याच धुरातून आत-बाहेर करायची. कुंपणाची उठाठेव आम्ही हायवेच्या ट्रकसाठी केली आणि फाटकातला धूर आमचाच होता.

उत्तरेकडून एक बोळ जातो. फाटक तिकडे हलवायचं ठरलं. शेजाऱ्यांच्या परसाचं कुंपण दोन मीटर मागे सरकवावं लागणार होतं. पंचायतीत कागद फिरायला पाच महिने लागले; शेजाऱ्यांनी जागा दिली ती मात्र एका संध्याकाळच्या चहावर. आता बोळाच्या तोंडाला गाड्या थांबतात, इंजिन बंद करायचं असा बोर्ड मुलांनी मराठीत आणि कन्नडमध्ये रंगवला आहे, आणि तिथून मुलं चालत आत येतात. जुन्या फाटकाची जागा चिऱ्यांनी भिंत घालून बुजवली, तिच्यामागे 2025 च्या पावसात कोयनेल लावली. बोळ जिथं रस्त्याला मिळतो तिथं दोन्ही बाजूंचं कुंपण दोनच फूट उंच ठेवलं आहे. मूल रस्ता ओलांडायला निघालं तर गाडीवाल्याला ते दिसलं पाहिजे. या एका ठिकाणी धुळीपेक्षा नजर महत्त्वाची.

पानांवरच्या धुळीचंही नियोजन लागतं. उन्हाळ्यात पानं इतकी माखतात की त्यांची श्वासरंध्रं बुजतात आणि झाड मंदावतं. मुलांच्या हात धुण्याच्या नळांचं पाणी एका पिंपात साठवून गोणपाटातून गाळून घेतो. त्यातून झाडांना पाणी, आणि पंधरा दिवसांतून एकदा पानांवर फवारा. खाली पडलेला पाला तिथंच राहू देतो. धुळीचे कण त्या पाल्यात मुरतात, पुन्हा उडत नाहीत. पूर्वी शाळेत गुलमोहराचा पाला झाडून कोपऱ्यात पेटवायची पद्धत होती. ते बंद केलं. त्या अर्ध्या तासाच्या जाळानं मैदानात जेवढी बारीक काजळी पसरायची, तेवढी अडवायला कुंपणाला कितीतरी दिवस लागले असते.

काय बदललं

आमच्याकडे हवा मोजायचं यंत्र नव्हतं. 2025 च्या जानेवारीत आम्ही काचेच्या सहा पट्ट्या घेतल्या, एका बाजूला व्हॅसलीनचा पातळ थर, आणि सात दिवस टांगून ठेवल्या. तीन कुंपणाच्या मागे, तीन जुन्या फाटकाच्या फटीत, सगळ्या मुलाच्या नाकाच्या उंचीला. आठव्या दिवशी पांढऱ्या कागदावर ठेवल्या. फटीतल्या पट्ट्या विटकरी. कुंपणामागच्या पिवळसर, त्यांच्यातून कागदावरची अक्षरं वाचता येत होती. ही परीक्षा जाड धुळीची आहे, काजळी अशी दिसत नाही. हे सातवीच्या मुलांना मी त्याच दिवशी सांगितलं आणि त्यांनी ते निरीक्षणवहीत लिहून घेतलं. प्रार्थनेच्या रांगाही आता पश्चिमेकडे, इमारतीच्या आडोशाला लागतात. त्याला एक रुपया लागला नाही, आणि तो बदल पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता.

बाई फोटोची काच आता तीन दिवसांनी पुसतात.

हे ऐकून शहरातल्या एका गल्लीतून मला बोलावणं आलं. दोन्हीकडे दोन-तीन मजली घरं, मधे अरुंद रस्ता, दिवसभर गाड्या. त्यांना दोन्ही बाजूंनी मोठी, डेरेदार झाडं हवी होती. मी नको म्हटलं. अशा गल्लीत हवा बाहेर पडायची वाट फक्त वरची. तिच्यावर फांद्यांचं छप्पर घातलं की धूर गल्लीतच फिरत राहतो आणि माणसांच्या नाकाशी येतो. शाळेत जे उपयोगी तेच इथं घातक. त्यांना हवंच असेल तर खिडकीखाली, ओट्याच्या कठड्याला लागून बुटकी झुडपं, आणि वर आभाळ मोकळं. त्यांना ते आवडलं नाही. उन्हाचं काय, असं विचारलं, आणि उन्हाचा प्रश्न खराच आहे. मार्च-एप्रिलात त्या गल्लीत उभं राहवत नाही. शेवटी विरळ पानांची, अंतराअंतरावर चार झाडं, असा मध्य काढला.

राष्ट्रीय महामार्गांसाठी 2015 मध्ये हरित महामार्ग धोरण झालं, त्यात प्रकल्पाच्या खर्चाचा 1 टक्का झाडांसाठी राखायचा असं ठरलं. तो टक्का रस्त्याकडेला रांगेत उभ्या रोपांवर खर्च होताना मी बघतो. माझी मागणी एवढीच आहे की जिथं रस्त्याला शाळा, अंगणवाडी किंवा दवाखाना लागतो, तिथं त्याच पैशातून खालपासून भरलेलं कुंपण लावावं आणि तीन उन्हाळे त्याला पाणी द्यावं. रांगेतल्या शंभर रोपांपेक्षा ते साठ मीटर जास्त कामाचे.

शाळेचं उरलेलं काम उन्हाळ्याचं आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते, हात धुण्याचं पाणी बंद होतं, आणि पिंप रिकामं. पहिल्या वर्षी याच दिवसांत करंजाची चार रोपं वाळली होती. आता बोळातल्या नऊ घरांनी वार वाटून घेतले आहेत. सोमवार-गुरुवार ज्यांनी जागा दिली त्यांचा. जुन्या फाटकाच्या जागची कोयनेल अजून कमरेएवढीही नाही, तिला रोज एक घागर लागणार. ती पाळी लाल दोरा बांधणाऱ्या मुलीनं मागून घेतली आहे. ती आता पाचवीत आहे आणि तिचं घर बोळाच्या तोंडालाच आहे.